घरबसल्या जपान : पहिला चित्रपट कोणता?

जपानी चित्रपटांचे वेड लागलेली चार माणसे एका ठिकाणी जमली, की त्यांच्यात एक वाद हटकून होतो : नवख्याने पहिला चित्रपट कोणता पाहावा? आमच्या मित्रमंडळात हा वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे आणि तो मिटावा अशी कोणाचीच इच्छा दिसत नाही. एकाचे म्हणणे असे, की 'राशोमोन' पाहिल्याखेरीज जपानी चित्रपटाविषयी बोलण्याचा अधिकारच पोहोचत नाही. दुसरा 'सात सामुराई'शिवाय दुसरे नाव ऐकून घेत नाही. तिसरा मिझोगुचीचा परमभक्त. त्याच्या मते कुरोसावाचे कौतुक परदेशी लोकांनीच फार केले. आणि आमच्यातला सर्वांत धाकटा, जो मियाझाकीच्या ॲनिमेशनपटांवर वाढला, तो आम्हा सर्वांकडे पाहून नुसता हसतो.

त्यांच्यापैकी कोणाचेही चूक आहे असे मी म्हणणार नाही. १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात 'राशोमोन'ला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि जपानी चित्रपटाकडे पाश्चात्त्य जगाचे लक्ष प्रथमच खऱ्या अर्थाने वेधले गेले. आपला चित्रपट तेथे पाठविला गेला आहे याची खुद्द कुरोसावालाही कल्पना नव्हती! 'सात सामुराई' (१९५४) तर आपल्याकडे ज्यांनी पाहिला नाही त्यांनीही आडवाटेने पाहिला आहे, असेच म्हणावे लागेल. दरोडेखोरांनी गांजलेले गाव आणि त्याच्या रक्षणासाठी भाड्याने आणलेले योद्धे हे कथासूत्र अमेरिकेत 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) झाले आणि पुढे त्याचे पडसाद 'शोले'पर्यंत (१९७५) उमटले.

परंतु प्रश्न एकट्या रसिकाचा नसून घराचा असेल, तर? म्हणजे ज्या घरात आजी आहे, सून आहे, शाळेत जाणारी मुले आहेत, अशा घराने आरंभ कोठून करावा? या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच चुकीने सापडले.

झाले असे, की माझी आई काही दिवसांसाठी माझ्याकडे राहावयास आली असता, मोठ्या उत्साहाने मी तिला 'सात सामुराई' दाखविण्याचा घाट घातला. हा चित्रपट जवळजवळ साडेतीन तासांचा. त्यातली भाषा जपानी, पडद्याच्या तळाशी भराभर पळणारी अक्षरे इंग्रजी, आणि आईची दृष्टी अधू. पहिल्या अर्ध्या तासातच तिला झोप लागली. पावसातली ती प्रसिद्ध लढाई मी एकट्यानेच पाहिली. सकाळी ती म्हणाली, "चित्रपट चांगला असेल रे, पण कोण कोणाचे काय लागते तेच मला कळेना."

कोण कोणाचे काय लागते! अनुवादाचा व्यवसाय करणाऱ्या माणसाला हे वाक्य लागावयास हवे होते आणि ते लागले. कारण इंग्रजी तळओळींत नेमकी हीच गोष्ट हरवते. जपानी घरात धाकटी बहीण थोरल्या भावाला नावाने हाक मारीत नाही. ती 'निइसान' म्हणते. इंग्रजी ओळीत तेथे त्या भावाचे नाव येते. आपल्याकडे त्याला 'दादा' हा शब्द तयार आहे. घराबाहेर पडताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो'. इंग्रजीत त्याचे 'निघालो' किंवा 'निरोप घेतो' असे काहीतरी होते. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे आपल्या घरात मुलाला बोलता येऊ लागताच शिकविले जाते. मग दोन आशियाई घरांमध्ये ही इंग्रजी भिंत कशासाठी?

म्हणून पुढच्या शनिवारी मी निराळा चित्रपट निवडला, आईच्या शेजारी बसलो आणि तळओळी वाचून त्यांचे मराठी करून तिला सांगत गेलो. तो चित्रपट होता यासुजिरो ओझूचा 'टोकियो मोनोगातारी', म्हणजे 'टोकियोची कथा' (१९५३). आमच्या मंडळातल्या वादाला माझ्यापुरते उत्तर मिळाले ते त्या रात्री.

कथा म्हणाल तर चार ओळींची आहे. समुद्रकाठच्या ओनोमिची गावातले वृद्ध जोडपे टोकियोत स्थायिक झालेल्या मुलांना भेटावयास निघते. थोरला मुलगा डॉक्टर. रविवारी आईवडिलांना शहर दाखवावयाचे ठरवितो, तर ऐनवेळी रोग्याकडून बोलावणे येते. मुलगी शिगे केशप्रसाधनाचे दुकान चालविते. तिला जागा अपुरी आणि वेळ त्याहून अपुरा. शेवटी दोघे भावंडे पैसे घालून आईवडिलांना आतामीच्या उष्ण झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. तेथे रात्रभर गोंगाट. म्हातारा-म्हातारीला झोप नाही. मनापासून त्यांची विचारपूस करते ती एकटी नोरिको. ही त्यांच्या युद्धात गेलेल्या मुलाची विधवा. ती कचेरीत नोकरी करते, एका खोलीत राहते. पण रजा काढून सासूसासऱ्यांना शहर दाखविते. गावी परतल्यावर म्हातारी आजारी पडते आणि जाते.

एवढेच. कोठे आक्रोश नाही, कोठे कारस्थान नाही. प्रारंभी प्रवासाची बांधाबांध चालली असता एक हवेची उशी सापडत नाही. म्हातारा म्हणतो, मी तुझ्याकडे दिली. म्हातारी म्हणते, माझ्याकडे नाही. आणि ती निघते त्याच्याच सामानात. येथे आई मोठ्याने हसली. वडील जाऊन आता काही वर्षे झाली. आमच्या घरी हा प्रसंग चष्म्यावरून रोज घडत असे.

ओझू कॅमेरा फार खाली ठेवतो. जमिनीवरच्या चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेला खोली जशी दिसेल, जवळजवळ तशी ती आपल्याला दिसते. समीक्षकांनी यावर पानेच्या पाने लिहिली आहेत. आई एवढेच म्हणाली, "पाटावर बसून पाहिल्यासारखे वाटते." ओझूवरचे पुष्कळ लेखन मी वाचले आहे, इतके नेमके वाक्य त्यात क्वचितच सापडले.

परंतु मला सांगावयाचे आहे ते पुढचेच. हा चित्रपट पाहणारे बहुतेक लोक शिगेवर चिडतात. मीही चिडतो. आई गेल्यावर मातीचा दिवस मावळण्यापूर्वीच जी मुलगी तिच्या वस्त्रांपैकी काय काय आपल्याला हवे ते सांगून टाकते, तिची बाजू कोण घेणार? आईने घेतली. "दिवसभर दुकानात उभी असते बिचारी," ती म्हणाली, "आणि त्या डॉक्टरचे तरी काय चुकले? रोगी टाकून आईला शहर दाखवायचे का?" मी गप्प राहिलो. त्याआधीच्या खेपेस ती माझ्याकडे आली होती तेव्हा अंकाची मुद्रिते हातात होती. तिला काही ठिकाणे दाखवावयाचे ठरले होते ते राहून गेले. आठ दिवस राहून ती परत गेली होती. तिने तो विषय काढला नाही. शेवटी म्हातारा नोरिकोला सांगतो, की पोटच्या मुलांपेक्षा तू परकी असून आमच्यासाठी अधिक केलेस. ती ओळ मराठीत सांगताना मला मध्येच थांबावे लागले. आईने पडद्याकडे पाहतच विचारले, "काय म्हणाला तो?" मग मी सांगितले.

आपल्या वाचकांपैकी कोणी इंदूरला आहेत, कोणी बडोद्याला, कोणी हैदराबादला किंवा दिल्लीला. वडीलधारी मंडळी एका गावी आणि मुले नोकरीच्या गावी, ही आपल्या घरांची रीतच झाली आहे. त्यांना या चित्रपटाची ओळख करून देण्याची गरज पडणार नाही. एके काळी व्यवसायातल्या शहाण्या लोकांची समजूत अशी होती, की ओझू हा फारच जपानी आहे, परदेशात तो कोणाला कळणार नाही. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये हा चित्रपट रीतसर लागावयास १९७२ साल उजाडले. ओझू त्याआधीच, १९६३ साली, आपल्या साठाव्या वाढदिवशी निवर्तला होता. तो अविवाहित होता आणि जवळजवळ अखेरपर्यंत आईजवळ राहिला. २०१२ साली एका ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या दिग्दर्शकांना सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता असे विचारले, तेव्हा पहिला क्रमांक याच चित्रपटाला मिळाला.

यानंतर काय पाहावे? नव्या दिग्दर्शकांत हिरोकाझू कोरे-एदा याचा 'अरुइतेमो अरुइतेमो' (२००८) मी लगेच सुचवीन. एका मुलाला बुडताना वाचविण्यात थोरला मुलगा गेला. त्याच्या स्मृतिदिनी सारे कुटुंब एकत्र जमते. स्वयंपाकघरात मक्याच्या दाण्यांची भजी तळली जातात, तेलाचा आवाज होतो, आणि हसतखेळत बोलणारी आई मध्येच असे काही बोलून जाते, की आपण चपापतो. वाचलेल्या त्या मुलाला ती दरवर्षी बोलावते, ते मायेने नव्हे. किकी किरिन या अभिनेत्रीचे ते काम पाहावेच. मायलेकांना एका कुस्तीगिराचे नाव काही केल्या आठवत नाही. आठवते ते परतीच्या बसमध्ये, आई मागे राहिल्यावर.

मुलांसाठी ओझूचाच 'ओहायो' (१९५९) घ्यावा. दूरचित्रवाणी संच हवा म्हणून दोन भाऊ बोलणेच बंद करतात. आज 'संच' या शब्दाच्या जागी 'मोबाइल' घातला की झाले. मियाझाकीचा 'तोतोरो' (१९८८) लहानांना निःशंकपणे दाखवावा. मात्र मूळ प्रदर्शनाच्या वेळी त्याच्या जोडीला लावलेला ताकाहाताचा 'काजव्यांचे थडगे' मोठ्यांनी आधी एकट्याने पाहावा. युद्धात पोरके झालेल्या दोन भावंडांची ती कथा मुलांना झोपू देणार नाही.

कुरोसावाला मी वगळलेले नाही. पण घरासाठी त्याचा 'इकिरु' (१९५२) घ्या. पोटाच्या कर्करोगाने मरणास टेकलेला पालिकेचा एक वृद्ध अधिकारी मुलांसाठी एक उद्यान उभारण्यामागे लागतो. आरंभी काही बायका सांडपाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन येतात आणि त्यांना एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, दुसरीवरून तिसरीवर धाडले जाते. हा भाग पाहताना आमच्या कचेरीतले स्नेही इतके खुशीने हसले, की मला जरा काळजीच वाटली.

'ओकुरिबितो' (२००८) या चित्रपटाविषयी स्वतंत्रपणे लिहावयास हवे. प्रेताला स्नान घालून, वस्त्रे नेसवून निरोपासाठी सिद्ध करण्याचा व्यवसाय पत्करणाऱ्या तरुण वादकाची ती कथा. त्याच्या स्पर्शाने बायकोच्या अंगावर काटा येतो, तेव्हा जपानातली शिवाशिव आपल्याला परकी वाटत नाही.

वडिलधाऱ्यांसाठी तळओळी मराठीत सांगावयाच्या असतील, तर अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. चित्रपट आधी एकदा स्वतः पाहून ठेवावा आणि प्रत्येक ओळ सांगण्याचा हट्ट धरू नये. 'ही त्याची धाकटी बहीण', 'ही विधवा सून' एवढे वेळीच सांगितले, की उरलेले पुष्कळसे चेहऱ्यांवरून कळते.

आईसाठी आता किनोशिताचा 'चोवीस डोळे' (१९५४) काढून ठेवला आहे. एका बेटावरच्या शाळेतली शिक्षिका आणि तिची बारा मुले यांची ही कथा. त्या वर्षी जपानी समीक्षकांनी 'सात सामुराई'पेक्षा हिला वरचे स्थान दिले होते, हे आमच्या मित्राला अजून सांगितलेले नाही. मुले मोठी होतात तेव्हा चेहरे जुळावेत म्हणून किनोशिताने सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या शोधून काढल्या. बाईंचे आडनाव ओइशी, म्हणजे मोठा दगड. त्या ठेंगण्या, म्हणून मुले त्यांना 'कोइशी', म्हणजे खडा, असे म्हणतात. मी तूर्त 'खडेबाई' असे योजिले आहे. आईला ते पसंत नाही. 'गोटीबाई' म्हण, असे तिचे म्हणणे आहे.