सुरांचा जन्मदाखला

दिल्लीच्या विजय चौकात दरवर्षी २९ जानेवारीला होणाऱ्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यातून २०२२ साली ‘अबाइड विथ मी’ हे प्रार्थनागीत वगळण्यात आले. गांधीजींच्या आवडीचे म्हणून ते तेथे वर्षानुवर्षे वाजत असे. त्याच्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आले. सोहळ्यात भारतीय सूरच शोभतात, असे समर्थन तेव्हा ऐकू आले. ख्रिस्ती भावना दुखावल्याची कुरकुर मला करावयाची नाही. ते गीत एका अँग्लिकन धर्मोपदेशकाचे. त्यावर आपली मालकी नाही. नव्याने आलेले गीतही थोरच आहे. माझे भांडण आहे ते त्या समर्थनाशी. ज्या सोहळ्याची प्रथाच इंग्रजी पलटणींची, त्यातील एक प्रार्थना तेवढी परकी ठरावी, हे नवलच!

भारतीय सूर म्हणजे नेमका कोणता? ‘ऐ मेरे वतन’ची चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. चीनशी झालेल्या युद्धानंतर दोनच महिन्यांनी, २७ जानेवारी १९६३ रोजी, लताबाईंनी ते दिल्लीत गायिले. याच रामचंद्रांनी १९५१ सालच्या ‘अलबेला’साठी गोव्यातील आल्दोन्याच्या चिक चॉकलेट या जॅझ ट्रम्पेटवादकाला आपला साहाय्यक केले होते. त्या गाण्यांवर ठेका धरताना कोणी ट्रम्पेटचे कुळ विचारले नाही.

कुळ विचारण्याची ही खोड मात्र जुनी आहे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१पर्यंत टिकली. कारण काय, तर पेटी परदेशी! इकडे गोविंदराव टेंब्यांच्या पेटीवर महाराष्ट्र डोलत होता आणि गावोगावच्या भजनांचे पेटीवाचून पान हलत नव्हते. पुढे १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बाळकृष्ण केसकर – आपल्या पुण्याचेच गृहस्थ – यांनी चित्रपटगीतांना कात्री लावली. श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोनची सुई गाठली. अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ काढून सरकारनेच माघार घेतली.

तबला चर्चमध्ये येताच नाके मुरडणारे आपल्यातही होतेच की! तेही याच पंगतीतले.

ज्या हिंदी गीतांनी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एक ओठ दिला, त्यांचे वाद्यवृंद लिहून काढले ते बहुतांशी गोव्याच्या कॅथलिक वादकांनी. स्वरलिपी आणि व्हायोलिन ते शिकले ते चर्चच्या संगीतशाळांत. शंकर-जयकिशन यांच्या संगीतामागे सेबॅस्टियन डिसोझा उभे होते. श्रेयनामावलीत मात्र अशा मंडळींना ‘साहाय्यक’ एवढीच जागा मिळे, आणि अनेकांना तीही नाही. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू. १९७७ साली शिष्याने त्यांचे नाव ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यात गुंफले, ते देशभर दुमदुमले, आणि बहुतेकांना वाटले, हे एका विनोदी पात्राचे नाव आहे.