विश्लेषण : दंत आरोग्यकाला कायद्यात जागा, दवाखान्यात का नाही?

परतवाड्यात खर्रा खाऊन दात काळे पडलेला रुग्ण दवाखान्यात दोघांनाच ओळखतो : डॉक्टर आणि कंपाउंडर. मधला दंत आरोग्यक, म्हणजे डेंटल हायजिनिस्ट, त्याला ठाऊकच नसतो.

कायदा काय म्हणतो?
१९४८च्या दंतवैद्य कायद्याने दातांवरचे कीटण काढणे, दात स्वच्छ करणे आणि मुखस्वच्छता शिकवणे हे त्याचे काम ठरवले. नोंदणीही सक्तीची केली. २०२३च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात त्याची गणना दंत सहायकांत होते.

अडते कुठे?
दोन वर्षांची पदविका घेऊनही काम दंतवैद्याच्या देखरेखीखालीच. खासगी दवाखान्यात स्केलिंग बहुधा डॉक्टरच करतात. मग वेगळा पगार कशाला, हा हिशेब.

रुग्णाला काय फरक पडतो?
डॉक्टर दात काढून मोकळे होतात. खर्रा सोडवायला, ब्रश धरायला शिकवायला निवांत वेळ लागतो. तो वेळ देणाऱ्यालाच मान नसेल, तर मेळघाटच्या पायथ्याशी उपचार दात हलल्यावरच सुरू होणार.