किल्ल्यावरची पणती
दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून झाल्यावर, चिखलाच्या बुरुजामागे पणती कुठे ठेवली की महाराजांवर उजेड नीट पडेल, हे बघत तासभर उकिडवं बसणारं पोर पुढे जाहिरातींचे फोटो काढू लागलं, तर मला नवल वाटत नाही. परवा एका स्टुडिओत सरबताच्या बाटलीचं काम बघत होतो. बाटलीवर ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्याचे थेंब फवारले होते, कारण नुसतं पाणी लगेच ओघळतं. मागे बाटलीच्याच आकाराचा चंदेरी पुठ्ठा कापून दडवलेला, म्हणजे सरबत आतून उजळल्यासारखं दिसतं. फोटोग्राफर तो पुठ्ठा बोटाने केसभर सरकवायचा, कॅमेऱ्यातून बघायचा, पुन्हा सरकवायचा. हुबेहूब तेच उकिडवं बसणं! ‘धंद्याचे फोटो’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांचंच बघा: ते रसायनशास्त्र शिकले, १९७४ साली लिंटास या जाहिरात संस्थेत गेले आणि १९८७पासून पूर्णवेळ व्यावसायिक छायाचित्रणात उतरले. त्यांनी टिपलेल्या चेहऱ्यांवरचा मऊ उजेड आजही ओळखू येतो. कोटेशन कसं लिहायचं, आगाऊ रक्कम कशी मागायची, फोटो कुठे आणि किती काळ वापरणार हे कागदावर कसं घ्यायचं, हे मात्र त्या किल्लेवाल्या पोराला कुणी शिकवत नाही, आणि सुरुवातीची वर्षं त्यातच जीव मेटाकुटीला येतो. स्टुडिओतला तो फोटोग्राफर चौथ्या तासाला थांबला आणि सहायकाला हळूच म्हणाला, “आता कशाला हात लावू नकोस.”