केवढ्याला दिलं? (स्पॅनिशमध्ये)

ऑफिसातला एक मित्र पुढच्या महिन्यात पेरूला निघालाय. परवा जेवताना त्याने मोबाईलमधली यादी दाखवली, खरेदीला लागणाऱ्या स्पॅनिश वाक्यांची. क्वांतो क्वेस्ता: केवढ्याला? मुय कारो: फार महाग. उल्तिमो प्रेसियो: शेवटचा भाव बोला. म्हटलं, गड्या, हे तर तुळशीबागेतलंच!

पण यादीत एक गोची आहे. प्रश्न सगळे पाठ, आणि उत्तर येणार आकड्यात. साठ म्हणजे सेसेन्ता, सत्तर म्हणजे सेतेन्ता. बाजाराच्या कलकलाटात फरक ओळखून दाखवा! म्हणून माझं मत: आधी एक ते शंभर, तेही कानाने. वाक्यं नंतर.

दुसरं म्हणजे, 'मुय कारो' सगळ्यात शेवटी शिकावं. माझी आई मंडईत 'महाग आहे' म्हणून कधीच सुरुवात करत नाही. आधी "काय मावशी, आज उशीर?" मग भाजी. पेरूतही तसंच. तिथे भाजीवाली आणि नेहमीचं गिऱ्हाईक एकमेकींना 'कासेरा' म्हणतात, लाडाने 'कासेरिता'. सूट म्हणजे 'रेबाहा', पण मागायची ती 'रेबाहिता', म्हणजे जराश्शीच. आणि सगळ्यात गोड शब्द 'यापा', मूळ केचुआ भाषेतला. मेथीच्या जुडीवर फुकट पडणाऱ्या चार मिरच्या असतात ना, ती यापा!

हे शहाणपण मला उशिरा आलं. कुस्कोजवळच्या पिसाकच्या बाजारात मी एका बाईशी अल्पाकाच्या शालीसाठी पंधरा मिनिटं घासाघीस केली. पुणेकर ना, हरायचं कसं? दहा सोल कमी करून घेतले. शाल हातात देताना ती काहीतरी म्हणाली. मला ओ की ठो कळलं नाही. भाव पाडण्यापुरतीच भाषा शिकलो होतो ना!

तुळशीबागेत दोघांनाही खरा भाव साधारण ठाऊक असतो, म्हणून तो खेळ असतो. तिथे विमानाने आलेला मी आणि हाताने विणणारी ती. याला खेळ कसं म्हणायचं?

घासाघीस करूच नये असं नाही. जरूर करावी, बोलणं त्यातूनच सुरू होतं. फक्त मित्राच्या यादीत मी सगळ्यात वर एक वाक्य घातलंय. लो इसो उस्तेद? हे तुम्ही केलंत का?

ते आधी विचार म्हटलं, मग भाव. आणि हो, यापा सोडू नकोस :)