गतिरोधक मापाचा हवा

जुनी पिकअप ठेंगणी करून मिरवण्याची हौस कुणालाही असो. पण गतिरोधकावर चेंबर घासले की मालक रस्त्यालाच शिव्या देतो. त्याला उपाय सोपा आहे : काढलेले पाटे परत बसवावेत, ओझे कमी भरावे, उंचवटा सावकाश व तिरका ओलांडावा. परंतु नांदेड-लातूरकडच्या खेड्यातून अडलेल्या बाईला दवाखान्यात नेणाऱ्या भरल्या जीपने काय करावे? भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात उंचवटा १० सेंटिमीटर उंच व ३.७० मीटर रुंद सांगितला होता. पोर गाडीखाली येईल या धास्तीने गावकरी मुरमाचा ढीग घालतात. ती धास्ती खरीच आहे. म्हणून मापाचा गतिरोधक शासनानेच बांधून द्यावा. पोरही वाचेल, बाळंतीणही.