झाड वाचेल, जंगलाचे काय?

पूर्व आशियातून आलेला आणि २००२ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटजवळ आढळलेला पाचूरंगी भुंगेरा आजवर कोट्यवधी अ‍ॅश वृक्षांच्या मुळावर उठला आहे. त्याची अळी सालीखालचा अन्नवाहक थर पोखरते. तेथे फवारणी पोहोचत नाही. खोडात टोचलेले इमामेक्टिन बेंझोएट २ ते ३ वर्षे संरक्षण देते. मात्र प्रत्येक झाडाला वारंवार मात्रा देणे शहरातील निवडक वृक्षांपुरतेच परवडते. जंगलांत २००७ पासून परोपजीवी गांधीलमाश्या सोडल्या जात आहेत. त्यांचा परिणाम संथ आहे. त्यामुळे नव्या कीटकनाशकाची कसोटी विषाच्या तीव्रतेपेक्षा मात्रेच्या टिकाऊपणावर आणि खर्चावर लागेल. ही कीड मालाच्या लाकडी वेष्टनातून आली, असे मानले जाते. ते लाकूड निर्यातीपूर्वीच तापवून कीडमुक्त करणे, हा कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त उपाय आहे.