रिकाम्या कंटेनरची हजिरी

मा. अध्यक्ष,
जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, न्हावा शेवा, यांस

महोदय,

आपल्या धक्क्यावर किती जहाजे लागली आणि किती माल चढला-उतरला याची वर्णने वृत्तपत्रांतून वारंवार येतात. परंतु बंदराची हद्द ओलांडल्यावर द्रोणागिरीच्या परिसरात रस्त्याच्या कडेने रिकाम्या कंटेनरांच्या ज्या थप्प्या उभ्या दिसतात, आणि ज्यांच्या जागांना उरण तालुक्यात ‘एमटी यार्ड’ एवढ्याच नावाने ओळखतात, तेथील दप्तराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत पत्र त्या दप्तरातील वेळेच्या एका रकान्याविषयी आहे.

आयातदाराने माल उतरवून घेतला की रिकामा कंटेनर जहाज कंपनीने नेमून दिलेल्या यार्डात परत करावयाचा असतो, आणि मोफत मुदत संपल्यानंतर जितके दिवस तो परत होणार नाही तितक्या दिवसांचे डिटेन्शन, म्हणजे विलंबाचा आकार, आयातदाराच्या खाती चढत राहते. ते थांबते यार्डाच्या संगणकाकडून जहाज कंपनीच्या संगणकाकडे आपोआप जाणाऱ्या ‘कोडेको’ नावाच्या संदेशाने. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली सिद्ध झालेल्या आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता पावलेल्या एडिफॅक्ट पद्धतीचा हा संदेश इतका मितभाषी आहे की त्यात वाक्य म्हणावे असे काही नसतेच: आरंभी ३४ असेल तर कंटेनर आत आला, ३६ असेल तर बाहेर गेला, पुढे त्याचा क्रमांक, मग ४ म्हणजे रिकामा, ५ म्हणजे भरलेला, आणि अखेर वर्षापासून मिनिटापर्यंतची वेळ सांगणारे बारा अंक. या काटकसरीचे मला मनापासून कौतुक वाटते.

कौतुक वाटते म्हणूनच तिच्यातील एक उणीव अधिक खुपते. कंटेनरचा क्रमांक चार अक्षरे, सहा अंक आणि एक तपासणी-अंक असा अकरा चिन्हांचा असतो. प्रत्येक अक्षराला नेमून दिलेले मूल्य आणि प्रत्येक अंक यांना स्थानपरत्वे एक, दोन, चार, आठ अशा चढत्या पटीने गुणून, बेरजेला अकराने भागले असता जी बाकी उरते तिच्यावरून तो शेवटचा अंक ठरतो; त्यामुळे कारकुनाच्या हातून एखादे अक्षर चुकले तर बहुधा यंत्रच त्याला अडवते. क्रमांकाला असा पहारेकरी नेमणाऱ्या शास्त्राने वेळेच्या बारा अंकांपाशी मात्र कोणालाच उभे केलेले नाही. ते अंक कोणत्या क्षणाचे आहेत? ट्रेलर रांगेत लागला त्या क्षणाचे, की फाटकातून आत आला त्या, की सर्व्हेअरने पत्र्याचे पोचे, तळाच्या फळ्यांवरील तेलाचे डाग आणि दाराचे रबर पाहून सही केली त्या, की कारकून जेवून परतल्यावर खुर्चीत बसला त्या? दिवसा या प्रश्नाला फारसे महत्त्व नाही. रात्री साडेअकराला रांगेत लागलेल्या ट्रेलरची नोंद साडेबाराला झाली, तर ड्रायव्हरच्या दृष्टीने गेलेला एक तास हिशेबात एक अख्खा दिवस होतो.

यावर असे सांगण्यात येते की जहाज कंपनीचे यंत्र पोचपावती पाठवते, सबब संदेह उरत नाही. त्या पोचपावतीतून संदेशाचे व्याकरण शुद्ध होते एवढेच कळते. मजकुराच्या सत्यतेविषयी ती मौन पाळते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम १३ हे इलेक्ट्रॉनिक अभिलेख केव्हा पाठवला व केव्हा पोचला याचा निवाडा करते. त्या अभिलेखात जी घटना नमूद आहे ती केव्हा घडली, याच्याशी त्या कलमाला कर्तव्य नाही. शिवाय हा सारा पत्रव्यवहार यार्ड आणि कंपनी या दोघांतला. ज्याच्या खिशातून रक्कम जाते तो आयातदार, आणि ज्याने रात्र जागून काढली तो ड्रायव्हर, यांपैकी कोणीही त्याचा पक्षकार नाही.

आपल्या जुन्या कचेऱ्यांनी हा पेच फार पूर्वी सोडवला होता. अर्ज बारनिशीच्या मेजावर आला की त्यावर आवक क्रमांक आणि तारखेची मोहोर तेथेच उठे; साहेबांनी तो महिन्याने उघडला तरी मुदतीचा हिशेब मोहोरेवरून होई, आणि अर्जदाराला आपल्या प्रतीवर तीच मोहोर मागून घेता येई.

अशीच मोहोर यार्डाच्या फाटकावरही हवी. यार्डे खाजगी मालकीची आहेत, जहाज कंपन्यांशी त्यांचे करार आहेत, आणि आपला हुकूम तेथे सरळ चालत नाही, हे मी जाणून आहे. तथापि कंटेनरवर रेडिओलहरींनी ओळख पटवणारी चकती लावून त्याचा बंदराबाहेरील प्रवास नोंदवण्याची व्यवस्था २०१६ साली आपल्याच बंदरात सुरू झाली, आणि देशभरच्या बंदरांसाठी सामाईक संगणकीय व्यवस्थाही आता उभी आहे. तेव्हा यार्डाच्या फाटकाबाहेर यंत्राने वेळ टिपावी आणि संदेशाची एक प्रत या व्यवस्थेमार्फत आयातदाराला मिळावी, अशी तजवीज आपल्या पुढाकाराने होणे अशक्य नाही. तपासणीपूर्वी कंटेनर स्वीकारला असे आम्ही कसे म्हणावे, हा यार्डचालकांचा आक्षेप रास्त आहे. पण संदेशाच्या रचनेतच एका कंटेनरपुढे एकाहून अधिक वेळा, प्रत्येकीचा अर्थ सांगणाऱ्या संकेतांकासह, लिहिण्यास जागा आहे. येण्याची वेळ निराळी आणि स्वीकाराची निराळी लिहिल्याने कोणाच्याही हक्काला बाध येत नाही.

आणखी एक बाब. ‘यार्ड भरले, दुसरीकडे न्या’ असे सांगून ज्या ट्रेलरला फाटकावरूनच परतवले जाते, त्याचा आत आल्याचा संदेश निघण्याचा प्रश्नच येत नाही. कंपनीच्या संगणकाच्या लेखी तो कंटेनर अद्याप आयातदाराच्याच अंगणात असतो आणि डिटेन्शन चालू राहते. वरील व्यवस्था झालीच, तर परतवलेल्या कंटेनरची वेळ आणि परतवण्याचे कारण हेही तीत रुजू व्हावे, आणि त्या वेळेपासून दुसऱ्या यार्डात प्रवेश मिळेपर्यंतचा आकार कोणी सोसावा याविषयी जहाज कंपन्या, यार्डचालक व आयातदार यांची एक बैठक आपण बोलवावी, अशी विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
मालवाहतुकीचे हिशेब पाहणारा एक नागरिक